बारा पानांची वाफ

हत्यारांचा ड्रम ऑपरेशन थिएटरात पाठवला आणि वहीत वेळ लिहायला मी पेन उचललं. मान वळवून पाठीमागचं घड्याळ पाहिलं तर नऊ अठ्ठावीस. वाफ सुरू केली तेव्हा नऊ दहा झाले होते.

अठराच मिनिटं! ऑपरेशनच्या हत्यारांना पूर्ण दाबाची वाफ अर्धा तास मिळायला हवी. एकवीस वर्षं मी हेच काम करते. मशीन जुनं, त्याची घंटा कधीच मेली, म्हणून वर्षभर मी वेळ पानांवर मोजत होते. माझी बारा पानं म्हणजे तीस मिनिटं. बत्तीस होतील, पण कमी नाही. आजचं पुस्तक मेलं नुसत्या भांडणांचं. सासू एक ओळ बोलते, सून एक ओळ बोलते. पानं भराभर उलटली आणि बारावं संपताच मी सवयीने वाफ सोडून दिली.

वर्षात बारा पुस्तकं वाचायची असं मी ठरवलं, तेव्हा नवरा पोट धरून हसला होता. "तू? तू तर बसची पाटीसुद्धा अर्धीच वाचून चढतेस!" हे बारावं होतं. चाळीस पानं राहिली होती. घरी दोन खोल्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि सदा बोंबलणारा टीव्ही. मला वाचायला मिळायचं ते इथेच, या वाफेच्या खोलीत.

वहीत सुरूची वेळ पावणेनऊ लिहिली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आणि इतक्या वाफेतसुद्धा मेलेच असतील की सगळे जंतू. बहुतेक.

त्या 'बहुतेक'नेच मला उठवलं. मी धावत सुटले.

"सिस्टर, तो ड्रम उघडू नका!"

सिस्टरचा हात झाकणावरच होता. "का हो मावशी? डॉक्टर हात धुताहेत."

"वाफ कमी बसलीय. अठराच मिनिटं."

"मशीन बिघडलं का पुन्हा?"

आयतं उत्तर समोर आलं होतं. नुसतं हो म्हणायचं, की सुटले.

"मशीन धड आहे. मी पुस्तक वाचत होते."

सिस्टरांनी झाकणावरचा हात काढला. डॉक्टर ओले हात वर धरून दारात आले, सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "भूल देऊ नका अजून. ड्रम परत लावा."

टेबलावरच्या पोरीने मान उचलली. वीस-बावीसची असेल. "मावशी, काय झालं?"

"काही नाही गं. थोडा उशीर आहे."

सिस्टर माझ्यामागून वाफेच्या खोलीत आल्या. "डोळे मिटून विश्वास टाकला होता मी तुमच्यावर. द्या ते इकडे. यापुढे या खोलीत छापील कागद दिसता कामा नये."

मी पुस्तक दिलं. मला रडू आलं. ते त्या पोरीसाठी नव्हतं, पुस्तकासाठी होतं, आणि याची लाज वाटून आणखी रडू आलं. डोळे पुसले, स्टूल फिरवून घड्याळासमोर ठेवलं आणि बसले. काटा जागचा हलेल तर शपथ.

दुपारी सिस्टरांनी पुस्तक परत दिलं. "घरी वाचा," म्हणाल्या, तशा त्या वाईट नाहीत. घरी तीन दिवस प्रयत्न केला. दोन ओळी वाचल्या की सासूबाईंची हाक यायची. चौथ्या दिवशी वाचनालयात देऊन टाकलं. नवऱ्याला सांगितलं, अकरा झाली. तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी ती पोर घरी निघाली. जखम कोरडी, ताप नाही. मला पाहून जिन्याशी थांबली.

"मावशी, त्या दिवशी उशीर का झाला, ते सिस्टरांनी सांगितलं मला."

मी खाली बघितलं. आता काय ऐकावं लागतंय कोण जाणे.

"तो अर्धा तास फार लांब वाटला हो मला," ती म्हणाली.

"मलाही," मी म्हटलं, आणि तिची पिशवी उचलून तिच्याबरोबर जिना उतरू लागले.