दातांविना गाठ

महादूचा हात मोडला तो समुद्रावर नव्हे, स्वतःच्या घरापुढच्या खळ्यात. दोन हजार तीन सालच्या मिरगात शेवाळावरून पाय सरकला, टेकायला उजवा हात पुढे केला आणि मनगट कडकन मोडलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आचऱ्याच्या किनाऱ्यावर उभा जन्म रापणीची, म्हणजे वाळूवरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, दोरी ओढलेला. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावं, याचीच त्याला लाज वाटली.

मालवणात प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, तोंड उघडा."

"बाय माझे, मोडलो हात. तोंड कित्याक बघतंस?"

तरी बाईंनी पाहिलंच. हिरड्या सुजून काळवंडलेल्या, बोट लावलं की रक्त. पुढचे चार दात हलत होते. हिरडी ठणकली की महादू आणखी मशेरी चोळायचा. भाजक्या तंबाखूने तोंड बधिर झालं की दुखणं बरं झालं असं समजायचा.

"दात धरणारं हाड झिजलंय, मनगटाचंही विरळ झालंय," बाई म्हणाल्या. "उतारवयातल्या पुरुषांत ही दुखणी पुष्कळदा जोडीने दिसतात. एकामुळेच दुसरं, असं छातीठोक नाही सांगणार. पण तंबाखू दोघांचा वैरी. मशेरी बंद. हलते दात काढा. हाडाला चालणं हवं, काम हवं. हिसका नको."

चार दात काढून महादू घरी आला, तर रापणीचा म्होरक्या भाई दारात हजर.

"काका, तुमी आता आराम करा. औंदा दोरयेक दुसरो कोण उभो करतंय."

"माझी जागा दुसऱ्याक? कित्याक?"

"जाळा कसा शिवतलास? तुमची सुई हातात, पण गाठ दातांत."

खोटं नव्हतं. सुताची गाठ महादू दातांत धरूनच आवळायचा. आणि रापणीची रीत अशी, की पावसात ज्याने आपल्या वाट्याचं जाळं शिवलं, त्यालाच हंगामात दोरीवर जागा.

"नारळी पुनवेक ये," महादू म्हणाला. "जाळा बघ, मगे बोल."

भाई गेल्यावर त्याने मशेरीचा डबा बायकोपुढे आपटला. "आनंदी, ह्यो चुलीत घाल."

"चाळीस वर्सां सांगतंय. तेवा कान नव्हते?"

"तेवा दात होते."

प्लास्टर निघायची वाट न बघता तो पडवीत जाळं घेऊन बसला. सूत पायाच्या अंगठ्यात अडकवलं, सुई डाव्या हातात. पहिल्या दिवशी अकरा गाठी मारल्या, त्यांतल्या सात सुटल्या. मशेरीची तल्लफ आली की शिव्या घालत किनाऱ्यापर्यंत चालत जायचा आणि परत येऊन बसायचा.

"पायान गाठी मारतास? लोक हसतले," आनंदी म्हणाली.

"हसूंदेत. त्येंचे दात आसत."

पुनवेपर्यंत प्लास्टर निघालं होतं, जाळंही शिवून झालं होतं. भाई आला. त्याने एक गाठ धरून हिसका दिला. दुसरी ओढली. तिसरीला पाय रोवून झोंबलाच. एकही हलली नाही.

"गाठी बऱ्यो," तो ओशाळून म्हणाला. "पण तुमची हाडां, काका?"

"फुडे नको माका, हिसको थंय बसता. शेवटाक उभो रवतंय. पण घरात बसूचंय नाय."

समुद्राला नारळ दिल्यावर दुसऱ्या सकाळी रापण लागली. दोरीच्या शेवटाला महादू उभा होता, पाय वाळूत रुतवून. भाईने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

"माका काय बघतंस?" चार खिंडारांचं तोंड उघडून महादू ओरडला. "ओढ!"