उलटी गाठ

देवबागात फाटलेलं जाळं कुणी विणलं हे गाठ बघून सांगतात. माझी गाठ उजवीकडे वळते; थोरला भाऊ अजय डावखुरा, त्याची डावीकडे वळायची. तो गेला त्याला दोन वर्षं झाली. समुद्रात आम्हा दोघांची होडी कलंडली तेव्हा तो माझ्यापासून खूप लांब होता, असं मी पोलिसांना सांगितलं आणि त्याच्या बायकोला, यशोदावहिनीलाही. पोलिसांनी मानलं. वहिनीने मानलं नाही. तेव्हापासून ती माझ्या पानात भात आपटते, आणि मीही मान वर न करता गिळतो.

यंदा माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. विणता विणता सुई गळून पडायची. पोट माझं जाळ्यांवर, तेव्हा धास्तावून कुडाळला गेलो. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, "मनगटात एक जादा स्नायू आहे, तो नस दाबतोय. काहींना असतो जन्मापासून." जन्मापासून! मग चाळीस वर्षं तो काय झोपला होता? मला त्या शांतपणे बोलणाऱ्या माणसाचा रागच आला.

ऑपरेशन पंधरा दिवसांनी ठरलं. तोवर, बोटांना काही कळत नसतानाही, नुसत्या सवयीने मी विणत राहिलो. एका सकाळी बघतो तर वहिनी अंगणात पसरलेल्या जाळ्यापाशी उकिडवी बसून एकेक गाठ चाचपत होती.

"भावजी, ह्यो गाठी कोणी मारल्यो?"

मी वाकून पाहिलं. साऱ्या डावीकडे वळलेल्या.

"हात बधिर झालो, चुकलय," मी म्हणालो.

"सगळ्यो?" एवढंच बोलून ती उठली. त्या दिवशी तिने भात आपटला नाही, हळूच वाढला. मी पान तसंच टाकून उठलो.

ऑपरेशन झालं. स्नायू कापून काढला, नस मोकळी झाली, असं डॉक्टरांनी सांगितलं. टाके काढून घरी आलो तर वहिनी दारातच उभी होती. तिने माझा हात ओढून उजेडात धरला, ताज्या वणावर आपली चार बोटं एकेक करून ठेवली, खालून अंगठा दाबला.

"ह्यांनी हयच धरल्यानी मा तुमका?"

मी हात सोडवू लागलो. त्या दिवशी पाण्यात सोडवला होता तसाच, एकेक बोट उचकटून. वहिनीने तर आपली बोटं लगेच काढून घेतली. मनगट मात्र सुटेना.