आक्काच्या पोटातली जाळी

मी आक्काच्या पोटातून बोलतेय. दचकू नका! मी भूतबित नाही, प्लास्टिकच्या धाग्याची वीतभर जाळी आहे.

यंत्रावर विणली गेले, पाकिटात बंद झाले आणि दवाखान्याच्या कपाटात पडून राहिले. आक्का तेव्हा धुलाईच्या कारखान्यात ओल्या चादरींचे गठ्ठे उचलायची. तिचं अंग बाहेर यायचं, गर्भाची पिशवी खाली उतरायची. बाई घडी घातलेलं फडकं घट्ट बांधून कामाला जायची, पण घरात ब्र काढायची नाही. शेवटी हेच दुखणं सोसलेल्या धाकट्या जावेनं ओळखलं आणि तिला ओढतच दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर ठेवलं. "यावर तीन ऑपरेशनं आहेत, तिन्ही दुर्बिणीतूनच होतात, पोटाला बारीक भोकं पाडून. एक, पिशवी काढून उरलेला भाग वर बांधायचा. दुसरं, पिशवी ठेवून नुसते टाके घालायचे. त्यात परकं काही आत राहत नाही, पण वजन उचललंत तर पुन्हा खाली यायची भीती जास्त. तिसरं, पिशवी या जाळीनं पाठीच्या हाडाला बांधायची. ही जास्त तग धरते, पण जन्माची सोबत. क्वचित घासते, मांसातून डोकावते."

"अहो आक्का, माझं टाक्यांवर भागलं की!" जाऊ म्हणाली.

"तू बसून बटणं लावतेस, बाई. मला गठ्ठे सुटणारेत का? आणि माझी पिशवी माझ्यापाशीच राहू दे."

म्हणून मी आत आले. दुर्बिणीचा दिवा गेला, भोकं शिवली गेली. मग त्या काळोखात माझ्या भोकाभोकांतून तिचं मांस उगवू लागलं. आधी गुदमरले, नंतर सवय झाली. आता ती हसली की मी हलते. तिला वाईट स्वप्न पडलं की मीही दचकते.

हल्ली माझी एक कड उघडी पडलीय. मी तिला टोचते. माझ्या मनात नसतं हो, पण थांबताच येत नाही! कपड्यावर रक्ताचा डाग दिसला, तर तिनं तो गपचूप धुऊन टाकला. पुन्हा तेच! "सांग ना गं कुणाला!" मी आतून ओरडते. तिला नुसती कळ येते.

आज जाऊ घरी आली, तशी मी जीव खाऊन ओरडले.

"आई गं!" आक्का कळवळली.

"काय झालं?"

"काही नाही."

मी पुन्हा ओरडले. आक्कानं जावेचा हात धरला. मग म्हणाली, "दार लाव. आतून काहीतरी टोचतंय गं. कुणाला सांगायची लाज वाटते."

सुटले मी! आता मला काढतील. डॉक्टरीणबाई, कात्री जपून चालवा. मी कुठं संपते आणि ती कुठं सुरू होते, हे आता मलाही सांगता येत नाही.