मालक समोर हवा

मालक समोर नसेल तर चावी करायची नाही, हा अप्पांचा नियम. ठमीने तो लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला होता की तिचे कान किटले होते. पण दुकान तिच्या हातात आलं तेव्हा तीही तसंच वागायला लागली. बायको नवऱ्याच्या गाडीची चावी मागायला आली, तरी नाही. मुलगा बापाच्या गाडीची मागायला आला, तर मुळीच नाही. गिऱ्हाईक तणतणायचं आणि गल्लीच्या तोंडावरच्या झटपटवाल्याकडे जायचं. त्याच्या पाटीवर ‘झटपट चावी’ असं लिहिलेलं होतं आणि तो कोणाला काही विचारायचा नाही. ठमीला त्याचं काही वाटत नसे. जाणाऱ्याला काय धरून ठेवायचं?

अप्पांनी जन्मभर कानशीने चाव्या घासल्या. पुढे गाड्यांच्या चावीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप आली, आणि नुसते दात जुळून भागेनासं झालं. दात जुळले तर दार उघडेल, चावी फिरेलही, पण गाडीने चिप ओळखली नाही तर इंजिन काही सुरू व्हायचं नाही. जुन्या चिपा नव्यात उतरवून घेता येतात. नवीन गाड्यांचं तसं नाही, तिथे मशीन जोडून गाडीलाच सांगावं लागतं की बाई गं, ही चावी आपली. हे सगळं ठमी शिकून आली आणि मग अप्पा तिच्याकडून शिकले. “चाव्यांना अक्कल यायला लागली, आता माणसांना कधी येते बघू,” म्हणायचे. लेकीचं कौतुक मात्र तोंडावर कधी केलं नाही. ते सगळं बाजारभर करून यायचे.

तर अशा या दुकानात भर दुपारी दादा आला, आणि तोही अप्पांची गाडी घेऊन.

“अप्पा कुठायत?” ठमीने आधी तेच विचारलं.

“झोपलेत. मी घरातली जादा चावी घेऊन आलोय. त्यांची त्यांच्या खिशात आहे.” दादा स्टुलावर बसला. “ती बंद करून टाक.”

ठमीला विषय माहीत होता. अप्पांना काचबिंदू झाला होता. समोरचं त्यांना लख्ख दिसायचं, अजूनही चावीचा दात केसभर चुकला तर ते सांगायचे. पण दोन्ही डोळ्यांनी कडेचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून बजावलं होतं. अप्पांचं एकच म्हणणं: मला सगळं दिसतंय. आणि जे दिसत नाही ते आपल्याला दिसत नाही, हे माणसाला कळणार तरी कसं? फाटकाचा खांब घासला तेव्हा म्हणाले, खांबच पुढे आलाय.

“परवा तुझी वहिनी शेजारी बसली होती,” दादा म्हणाला. “शाळा सुटलेली. डाव्या बाजूने एक पोरगी रस्त्यात आली. वहिनीने हँडब्रेक ओढला म्हणून वाचली. बंपर तिच्या दप्तराला लागला, ठमे. आणि अप्पा विचारतात, हँडब्रेक का ओढलास? त्यांनी ती पोरगी पाहिलीच नाही. आम्ही सांगितलं तर म्हणतात, सून घाबरट आहे, मुलगा बायकोच्या ओंजळीने पाणी पितो, गाडी काढून घ्यायला गोष्टी रचतायत.”

“मग मी बोलते त्यांच्याशी.”

“किती वेळा बोललीस?”

बोलली होती खरी, आणि दर वेळी पालथ्या घड्यावर पाणी.

“मालक समोर नाही, दादा.”

“उद्या एखादी पोरगी खरंच चाकाखाली आली की मग मालकाला समोर बसव.”

ठमीने मशीन काढलं, स्टिअरिंगखालच्या खाचेत जोडलं. गाडीला दोन चाव्या माहीत होत्या. तिने दोन्ही पुसल्या आणि दादाच्या हातातली तेवढी परत ओळखीची करून दिली. दात तेच, चिप तीच, अप्पांच्या खिशात झोपलेली ती चावी आता नुसती दार उघडण्यापुरती उरली होती. अप्पांना सांगायचं की वायरिंगमध्ये बिघाड आहे, मेकॅनिक सवडीने येईल. असं बहीणभावांनी ठरवलं. ज्या माणसाने आयुष्य कुलपात काढलं त्याला हे पटेल असं त्या दोघांना वाटलं, यातच काय ते आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा बसने दुकानात आले. पायरीची कड न दिसल्याने अडखळले, दारालाच दोन शब्द सुनावले, आणि चावी काउंटरवर ठेवली.

“चिप बघ.”

ठमीने चावी रीडरवर धरली. चिप ठणठणीत होती, ते तिला न बघताच ठाऊक होतं.

“चांगली आहे,” ती म्हणाली.

“वाटलंच. दादा म्हणतो वायरिंग गेलं. वायरिंग गेल्यावर डॅशबोर्डवरचा चावीचा तो लाल दिवा असा लुकलुकतो होय? गाडी ओळखच देत नाही मला. कोणीतरी माझी चावी पुसलीय.” अप्पांचा आवाज चढला नव्हता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “दादाला एकट्याला जमायचं नाही हे. गाडी घेऊन गेला असणार त्या झटपटवाल्याकडे.”

“अप्पा, बसा आधी. चहा सांगते.”

“चहा नंतर. आधी त्याच्याकडे जातो. म्हाताऱ्याची गाडी, म्हाताऱ्याला न विचारता? असली माणसं धंद्याला काळिमा फासतात. आज सगळ्या गल्लीसमोर त्याची पाटी उतरवतो की नाही बघ.”

आणि ते खरंच निघाले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. गावात असलं काम करणारे दोघेच. त्यातली एक पोटची पोर, तिच्याकडे मशीन, माहिती, सगळं. तरी या माणसाच्या मनाला तिचा संशय शिवलाही नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर तिला इतकं लागलं नसतं.

“अप्पा, झटपटवाल्याने नाही केलं.”

ते दारात थांबले.

“मी केलं. काल दुपारी. तुम्ही झोपला होतात.”

अप्पा वळले. तिच्याकडे पाहण्यासाठी त्यांना आता सबंध मान फिरवावी लागायची. मग परत येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. आजवर ते कधी त्या बाजूला बसले नव्हते.

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“म्हणालोच असतो.”

“म्हणून नाही विचारलं. चुकलं माझं. आता समोर आहात तर विचारते. तुमची चावी पुसलेलीच ठेवू?”

“नाही. परत घाल.”

“नाही घालणार,” ठमी म्हणाली. “तुम्ही मालक आहात, तरी नाही घालणार. झटपटवाल्याकडे जायचं तर जा, तो घालून देईल. माझ्या हातून होणार नाही.”

अप्पा उठले नाहीत. त्यांनी चावी उचलली, सवयीने दातांवरून अंगठा फिरवला, पुन्हा खाली ठेवली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ठमीला वाटलं, आपण यांचं मन कायमचं मोडलं.

“दादा खोटं बोलेल,” ते म्हणाले. “सून घाबरट आहे. डॉक्टरांना काय, बोलायला पैसे मिळतात. पण तू मालक समोर नसताना मशीन लावलंस.”

ठमीने मान हलवली.

“म्हणजे ती मुलगी होती तिथे.”

“होती, अप्पा.”

“माझ्या गाडीसमोर.”

“हो.”

अप्पांनी दोन्ही हात काउंटरवर टेकवले, उठण्यासाठी नव्हे, नुसतेच. ठमी काउंटरला वळसा घालून त्यांच्याजवळ गेली, पण डाव्या बाजूने गेली, त्यामुळे तिने खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते दचकले.

“केवढी होती गं?” त्यांनी विचारलं.

“वहिनी म्हणते, पहिली-दुसरीतली असेल.”