झाकणावरचा पोचा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे. जे सांगणार आहे ते २०२२ सालच्या मार्गशीर्षात घडलं. पण त्यासाठी मला जरा मागून निघावं लागेल.

साताऱ्याच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं. दोन कप्पे, दोन झाकणं, आतून कल्हई. आक्काताईंच्या आईनं त्यांच्या लग्नात मला दिलं आणि मी सांगलीजवळच्या एका वारणाकाठच्या गावात आले. तिथली जैन घरातली जुनी माणसं सकाळी बस्तीत, म्हणजे आपल्या देवळात, देवापुढं तांदूळ ठेवल्याशिवाय घास घेत नाहीत. माझ्या एका कप्प्यात ते तांदूळ असत, दुसऱ्यात लवंगा. रोज चिंचेनं घासलेली मी झगझगत असे. जावा विचारत, "कुठली गं ही डबी?" तेव्हा मला फार ऐट वाटे.

मग आक्काताईंच्या मालकांना, पायगोंडा अण्णांना, मधुमेह झाला. गोळ्या पुरेनात, इन्सुलिन आलं. उसात साप निघाला तरी न हलणारे अण्णा सुई बघितली की भिंतीकडे तोंड करत. तेव्हा चौथी शिकलेल्या आक्काताई पुढं झाल्या. सिरिंजवरच्या बारीक रेघा मोजायला शिकल्या. माझ्यातल्या लवंगा काढून त्यांनी साखर भरली. रक्तातली साखर एकाएकी उतरली तर ती लगेच द्यायची होती.

त्या इन्सुलिननंतर अर्धा तास थांबून जेवायचं असे. म्हणून सकाळी आधी सुई, मग दोघं बस्तीत, परत आल्यावर भाकरी. असं वीस वर्षं चाललं. तांदळाचं झाकण रोज उघडे. साखरेचं कुणी उघडलंच नाही. आतली साखर ओल धरून दगड झाली. माझा तो अर्धा भाग असून नसल्यासारखा झाला.

२०२२ साली अण्णांची साखर फार वरखाली होऊ लागली. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं, सिरिंज जाऊन इन्सुलिनचं पेन आलं. "काकू, हे लगेच काम करतं. ताट समोर आल्याशिवाय टोचायचं नाही हं," त्या म्हणाल्या.

"व्हय व्हय," आक्काताई म्हणाल्या. मी त्यांच्या पिशवीत होते, मीही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेन काढलं. अण्णा हसले, "काय गं, परीक्षेला निघालीस काय?"

त्याही हसल्या, टोचलं, आणि वीस वर्षांच्या सवयीनं दोघं मला घेऊन बस्तीत निघाले. ताट चुलीपाशी पालथंच राहिलं.

त्या दिवशी अण्णांची अभिषेकाची पाळी होती. दूध, दही, तूप, उसाचा रस, सगळं ओळीनं मांडलेलं. अण्णा हातात कलश धरून उभे होते. मंत्राची एकच ओळ त्यांनी दोनदा म्हटली, मग तिसऱ्यांदा. लोकांना वाटलं, भक्तीनं भान हरपलंय. बायकांच्या बाजूला बसलेल्या आक्काताईंनी मात्र त्यांच्या ओठावरचा घाम बघितला. त्या ताडकन उठल्या आणि अण्णांना दंडाला धरून पायरीवर घेऊन आल्या.

"अगं, अभिषेक अर्ध्यावर हाय!"

"आवं, खाली बसा. ताट न्हवतं समोर. मीच टोचली, मीच!"

त्यांनी माझं साखरेचं झाकण ओढलं. नख तुटलं, मी उघडले नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मग त्यांनी मला पायरीच्या दगडावर आपटलं. झाकणाला पोचा आला, आणि साखरेचा खडा बाहेर पडला.

अण्णांनी दात आवळले. जीभ जड झाली होती. "देवाचं... व्हायचंय. न्हाई खाणार."

"तुमचा नेम मोडला तर पाप माझ्या माथी! टोचली मी, मोडतेबी मीच. तोंड उघडा!"

मागं उपाध्ये, म्हणजे बस्तीतले पुजारी, येऊन उभे राहिले. आता हे रागावणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, "अण्णा, घ्या. देव थांबतोय. शरीर थांबायचं न्हाई."

अण्णांनी तोंड उघडलं. आक्काताई चिमटीनं साखर चुरून घालत राहिल्या. पाव तासानं अण्णांची नजर स्थिरावली. "आज पाळी कुणाची हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच!" उपाध्ये म्हणाले, आणि आक्काताई हसता हसता रडल्या. मी थक्क होऊन बघत राहिले. साऱ्या बस्तीनं देवाकडं बघितलं होतं. या बाईनं एका ओठावरचा घाम बघितला होता.

घरी जाताना त्या म्हणाल्या, "आता माझा हात लागायचा न्हाई तुमाला."

दुसऱ्या दिवशी दोघं आधी बस्तीत जाऊन आले. अण्णा पाटावर बसले आणि सदरा वर केला. "आधी ताट वाढ. मग टोच. हात तुझाच पायजे. दुसऱ्याचा लय दुखतो."

आक्काताईंनी ताट वाढलं. ते अण्णांच्या पुढं सरकवलं, आणि मगच टोचलं.

आता उपाध्ये थकलेत, पण अण्णांची पाळी असली की अभिषेक लवकर उरकतात. डॉक्टरीणबाई हे ऐकल्यापासून प्रत्येक नव्या पेशंटला विचारतात, "सकाळी आधी देऊळ की आधी जेवण?" आक्काताईंना नीट दिसत नाही. भिंतीकडं तोंड करणारे अण्णा आता स्वतः टोचून घेतात. मात्रा लावताना होणारे पेनाचे टक्‌टक्‌ आवाज आक्काताई कानानं मोजतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी इन्सुलिन घेत असेल, तर त्यांच्याजवळची साखरेची डबी महिन्यातून एकदा उघडून बघा. सहज उघडते ना, एवढंच.

गेल्या वर्षी कल्हईवाला म्हणाला, "पोचा काढून देतो, नव्यागत दिसंल."

अण्णांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्यो पोचा माझा हाय."