भिंतीबाहेरचा योस्ट

"आत यायचं कारण नाही, तिथूनच बोल," क्लेटन विस्लर म्हणाला, आणि भुंकत धावून गेलेल्या कुत्र्याला त्याने हाक मारली नाही.

एल्विन फाटकाच्या अलीकडेच थबकला. दोघांचं आडनाव एकच, विस्लर. १७१७ साली युरोपातून येऊन नव्या जगात बोटीतून उतरून कोनेस्टोगा नदीच्या काठी जमीन घेणारा मूळपुरुष उली, तोही एकच. तरीही चोवीस वर्षांच्या आयुष्यात एल्विन या शेताच्या फाटकापलीकडे कधी गेला नव्हता.

"क्लेटनकाका, पपांचं आता काही खरं नाही. मक्याला कणसं धरेपर्यंत, असं डॉक्टर म्हणतात. त्यांची एकच इच्छा आहे. तुमच्या शेतातल्या दफनभूमीत उलीच्या शेजारी, भिंतीच्या आत..."

"भिंतीच्या आत शपथवाले नसतात."

"ही दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, काका."

"म्हणून काय शिळी होते? स्वातंत्र्ययुद्धात सरकारने निष्ठेची शपथ मागितली. आपल्या मेनोनाइट पंथात शपथ घेणं पाप, एकानेही हात वर केला नाही. दंड भरले, घोडे गेले, अंगाखालच्या गाद्या उचलून नेल्या. एकट्या तुमच्या योस्टने शपथ घेतली. कशाला? सख्ख्या भावाची, आमच्या क्रिस्टियानची जमीन घशात घालायला! चर्चच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं, मेल्यावर भिंतीबाहेर पुरला. तुम्ही त्याची पिलावळ. आता बापाला आत घुसवतोस?"

एल्विनला भांडता येत नसे. राग आला की त्याचे कान लाल होत आणि आवाज खाली जाई. त्या खालच्या आवाजातच तो म्हणाला, "घशात घातली, तर मग ती तुमच्याकडे कशी?"

"देवाने परत दिली. चल नीघ, माझ्या गाई थांबल्यात."

देवाने दिलेल्या जमिनीचाही दस्त होतोच, असा विचार करीत एल्विन परतला. पशुखाद्याच्या गिरणीतली त्याची नोकरी दुपारी संपे. त्यानंतर तो तालुक्याच्या कचेरीत, जुन्या खरेदीखतांच्या तळघरात जाऊन बसू लागला. आजवर माणसांपेक्षा कागदांजवळ बसणं त्याला सोपं गेलं होतं. पण हे कागद माणसांइतकेच अबोल निघाले.

तिथल्या मिसेस फ्लोरी दफ्तरं काढून देत आणि काढता काढता टोमणेही देत. "सात क्रिस्टियान, पाच योस्ट आणि सगळे विस्लर! तुमच्या लोकांकडे नावांचा दुष्काळ पडला होता की काय हो?"

एल्विन कसनुसं हसला. त्याने हळूहळू एक युक्ती शोधली होती. नावांच्या मागे न लागता तो चतुःसीमांच्या मागे लागला. माणसं एकमेकांत मिसळून जात, जमीन मिसळत नसे. ओढ्याच्या वळणावरचा पांढरा ओक, तिथून उत्तरेस मोजणीच्या साडेसोळा फुटी एकशेदहा काठ्या, मग खुणेचा दगड. हा ओक ज्या क्रिस्टियानच्या दस्तात उभा असेल, तोच उलीचा नातू क्रिस्टियान आणि त्याचाच भाऊ योस्ट. उलीच्या सनदेपासून तो ओक पिढ्यान्‌पिढ्या हात वर करून एल्विनला पुढची वाट दाखवीत होता.

मे १७७८च्या दस्तात मात्र त्याचं काळीज खचलं. क्रिस्टियानची दोनशे दहा एकर, घरादारासकट, योस्टच्या नावे. म्हणजे ते खरंच होतं. तो वही मिटून निघणार होता, पण त्याची नजर तारखेवर अडखळली. शपथ न घेणाऱ्याला जमीन विकता येणार नाही, विकत घेता येणार नाही, लुबाडली गेली तर दादही मागता येणार नाही, हा कायदा लागू होण्याला त्या दिवशी चार दिवस उरले होते.

लुबाडणाऱ्याला अशी घाई नसते; चार दिवस थांबला तर दाद मागणाराच उरत नाही. घाई असते ती वाचवणाऱ्याला.

मग त्याने त्या काळातल्या कराच्या याद्या काढल्या. क्रिस्टियान होता तिथेच राहत होता, होता तेवढंच पीक घेत होता. आणि दोनशे दहा एकरांचा मालक योस्ट? 'विणकर. गाय, एक.' अकरा वर्षं तेच: विणकर, गाय एक. कायदा मागे घेतला गेला त्या १७८९ साली शेवटचा दस्त झाला होता. योस्टने अवघी जमीन पाच शिलिंगांना भावाला परत केली होती. स्वतःकडे ठेवली होती ती फक्त दफनभूमीची पाव एकर, वंशजांकरिता, येण्याजाण्याच्या वाटेसह.

एल्विन बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला. कुणीतरी दोनशे वर्षं दाराबाहेर उभं आहे आणि आपण आतून कडी लावून जेवतो आहोत, असं काहीसं त्याला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी क्लेटन दूधघरात चरव्या विसळत होता. एल्विनने परवानगी मागितली नाही. उंबऱ्यात उभं राहून त्याने नक्कल काढलेला दस्त वाचायला सुरुवात केली. "'मी, योस्ट विस्लर, विणकर, वरील सर्व जमीन माझा भाऊ क्रिस्टियान यास पाच शिलिंग व...'"

"'...व बंधुप्रेम यांच्या मोबदल्यात कायमची देत आहे,'" क्लेटनने मान वर न करता वाक्य पुरं केलं.

त्याने चरवीतलं पाणी ओतलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"मूळ कागद माझ्या पेटीत आहे. बापाने मरताना दाखवला. पस्तीस वर्षं झाली."

"आणि तरी आम्हाला पिलावळ म्हणता?"

"मग काय म्हणू? शपथेवर तगलेली जमीन खातोय, असं सांगत फिरू?" क्लेटन आता समोर येऊन उभा राहिला. "ऑगस्टात चारशे विस्लर येणार आहेत इथे. अडीचशे वर्षं झाल्याची शिळा बसणार आहे. 'या भूमीने कधी शपथ घेतली नाही', कोरून झालंय. आणि तू हे चिटोरं नाचवणार? दफनभूमी तुमची ना? जा मग कोर्टात. जा! आपल्यातला कोर्टाची पायरी चढला की मंडळी त्याचं काय करते, ते तुमच्या घराण्याला मी शिकवायला नको."

कोर्टात जाणं एल्विनच्या मनातही आलं नव्हतं. ते क्लेटनला माहीत होतं, म्हणूनच तो एवढा मोठ्याने बोलत होता.

मग क्लेटनचा आवाज उतरला, आणि तो उतरलेला आवाज अधिक वाईट होता. "हे बघ. तू तोंड मिटून ठेव. रूबेनला आत जागा देतो. उलीच्या डाव्या हाताला. बापाची इच्छा पुरी कर आणि विषय संपव."

घरापर्यंतचे दोन मैल एल्विन चालत गेला. खोटं बोलायचंच नव्हतं. फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'पपा, जागा मिळाली.' पण ज्यांच्यात शपथ नसते, त्यांचं साधं वाक्यही शपथेइतकं जड असतं. अर्धवट सत्य त्याच्या जिभेवर मावेना.

रूबेन ओसरीवर, जूनच्या उन्हात कोट घालून बसला होता. मांडीवरच्या वाटीत मक्याची खीर तशीच होती. एल्विनने सगळं सांगितलं. ओक, चार दिवस, पाच शिलिंग, क्लेटनचा सौदा.

रूबेनने मांडीवरची वाटी नुसती फिरवली. मग म्हणाला, "गाय एकच?"

"एकच."

"अकरा वर्षं दोनशे एकरांचा धनी, आणि गाय एक! येडाच होता रे." तो हसू लागला, हसता हसता खोकू लागला. खोकला थांबला तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "माझा बाप रस्त्याने त्याच्या थडग्यासमोरून जाताना मान वळवायचा. मीपण वळवली. जन्मभर."

"पपा, आत जागा देतायत. उलीशेजारी. तुम्हाला हवं होतं ते..."

"उलीपाशी गर्दी आहे. याच्यापाशी कोण आहे?" रूबेनने वाटी बाजूला सारली. "मला योस्टशेजारी ठेव. क्लेटनला सांग, शिळेवर काय कोरायचं ते कोर. पण कुणी विचारलं, तर आम्ही सांगणार."

सकाळी एल्विनने तो निरोप दिला. क्लेटन ट्रॅक्टरवर चढत होता. त्याचा पाय पायरीवरच राहिला.

"भिंतीबाहेर माझं पीक आहे."

"पाव एकर मोजली मी, दगडापासून. भिंतीबाहेर एक काठी जास्त येते. तुमच्या मक्याच्या चार ओळी आमच्यात आहेत. पीक काढून घ्या, घाई नाही."

"वाट देणार नाही मी. ट्रॅक्टर आडवा लावीन."

"लावा. आम्ही ओढ्यातून आणू."

"शवपेटी घेऊन? ओढ्यातून?" क्लेटन हसला, पण ते हसू नीट जमलं नाही. "चारशे माणसांत तोंड उघडलंस ना, एल्विन, तर या तालुक्यात तुला कुणी पाणी विचारणार नाही."

"कुणी विचारलं तर उघडीन, काका."

क्लेटनने इंजिन सुरू केलं, गरजेपेक्षा जास्त मोठं, आणि ते तसंच ठेवलं.

एल्विन कुरणातून खाली उतरला. ओढ्याकाठी बसून त्याने बूट काढले, विजार गुडघ्यावर दुमडली आणि पाण्यात पाय टाकला. पाणी गार होतं, तळाचे गोटे निसरडे होते. चौघांना एका वेळी पाऊल ठेवता येईल अशी जागा शोधत तो सावकाश पलीकडे जाऊ लागला.