भागीदाराला कळवले

फाइल क्रमांक एकशे बारामध्ये एकही रकाना रिकामा नव्हता. रुग्णाची लेखी संमती: घेतली. भागीदाराला कळवले: होय. भागीदाराची तपासणी: झाली. निकाल: निगेटिव्ह. बजाजनगरमधल्या त्या ट्रस्टच्या रुग्णालयात एवढी व्यवस्थित फाइल दुसरी नव्हती.

वैदेही तिथं एचआयव्हीची समुपदेशक होती. एचआयव्हीबद्दलचा नवा कायदा २०१८ च्या सप्टेंबरात लागू झाला, तेव्हा रुग्णालयाचा मराठी फॉर्म तिनंच तयार केला. इंग्रजी मसुद्यातल्या 'पार्टनर' या शब्दावर ती एक दुपारभर अडली होती. 'नवरा-बायको' लिहावं तर लग्न न झालेले सुटत होते. 'जोडीदार' तिला सिनेमातला वाटला. शेवटी तिनं 'भागीदार' लिहिलं. शब्द शुद्ध होता.

मे २०१९ च्या दुसऱ्या आठवड्यात फाइल एकशे बाराचा माणूस तिसऱ्या महिन्याच्या भेटीला आला. रामकिसन पाण्याचा टँकर चालवायचा. वाळूजच्या बाजूला नव्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या, तिथं नळ पोचले नव्हते आणि धरणात पाणी नव्हतं. त्यामुळे त्याला दिवसाला सात-सात खेपा पडत. गोळ्या तो घाटीच्या सरकारी दवाखान्यातून आणत होता आणि चुकवत नव्हता. वजन दोन किलोंनी वाढलं होतं.

"छान चाललंय," वैदेही म्हणाली. "आता भागीदाराची एकदा परत तपासणी करून घेऊ."

रामकिसन हसला. "आता कडुबा नाय यायचा, मॅडम. मागल्या बारीला सुई बघूनच चक्कर आली व्हती त्याला. एवढा मोठा गडी!"

वैदेहीनं पेन खाली ठेवला. "कडुबा कोण?"

"माझा भागीदार. टँकर निम्मा त्याचा, निम्मा माझा. तुम्हीच तर म्हणल्या, भागीदाराला सांगावंच लागंल, त्याचीबी तपासणी करावी लागंल."

तिनं फाइलचं पहिलं पान उलटून बघितलं. मग तिनं नीट विचारलं, "रामकिसनभाऊ, तुमचं लग्न झालंय?"

"झालंय की. सुलेखा. गावाकडं असती, वैजापूर तालुक्यात."

"तिला सांगितलंत?"

"तिला कशाला? ती कुठं भागीदार हाय!"

पुढचे प्रश्न वैदेहीनं एकेक करून विचारले आणि उत्तरं लिहून घेतली. फेब्रुवारीपासून तो दोनदा गावी गेला होता. निरोध वापरला का, यावर तो छताच्या पंख्याकडे बघत राहिला. गावातली विहीर आटली होती. शेळ्या विकून सुलेखा येत्या शनिवारी कायमची बजाजनगरला येणार होती.

"चूक माझी आहे," वैदेही म्हणाली. "भागीदार म्हणजे मला बायको म्हणायचं होतं. कडुबाला सांगायची तुमच्यावर काहीही सक्ती नव्हती."

रामकिसनचा चेहरा उतरला. "मंग मी उगंच सांगितलं? आठ दिस झोप नव्हती मला. वाटलं, हा गडी टँकर मोडून वाटा मागणार."

"काय म्हणाला तो?"

"म्हणला, पंक्चर झालं म्हणून गाडी इकतं का कुणी? गोळ्या घे न खेप मार."

"माणूस चांगला आहे."

"लई. पण बायको म्हंजे कडुबा नव्हं, मॅडम. तिचे तीन भाऊ हायेत. तिला मी नाय सांगायचा."

त्याला उद्या परत यायला सांगून वैदेही फाइल घेऊन डॉक्टर मंदार यांच्याकडे गेली. मार्चमध्ये ती पुण्याला प्रशिक्षणाला गेली असताना कडुबाची तपासणी आणि समुपदेशन त्यांनीच केलं होतं.

"डॉक्टर, एकशे बाराचा भागीदार पुरुष होता. तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. पण मुद्दाम काही विचारलं नाही. काळ बदललाय, म्हटलं चेहऱ्यावर आश्चर्य दिसता कामा नये. उलट दोघांना चहा पाजला मी." डॉक्टरांनी फाइल वाचली आणि कपाळाला हात लावला. "म्हणजे ते दोघं..."

"टँकरमधले भागीदार आहेत."

"अरे देवा! मग आता त्या बाईचा नंबर काढ आणि फोन लाव. दोन महिने गेलेच आहेत."

"फोनवर सांगता येत नाही. समोरासमोर, समुपदेशन करूनच सांगायचं. गावातल्या आशा सेविकेकडून निरोपही नाही. आणि त्याला न कळवता तर नाहीच."

"आणि तिला लागण झाली असली तर?"

"म्हणूनच शनिवार," वैदेही म्हणाली. "ती गावी असती तर शोधून काढायचं बंधन आपल्यावर नव्हतं. पण ती स्वतः इथं येतेय. तोवर त्यानं सांगितलं तर उत्तम. नाहीतर मी सांगेन. तो अधिकार कायद्यानं डॉक्टरला दिलाय, तसा समुपदेशकालाही दिलाय."

दुसऱ्या दिवशी रामकिसन आला. वैदेहीनं तासभर त्याच्याशी बोलून त्याची अडचण समजून घेतली. भाऊ मारतील की नाही, हे त्यालाही खात्रीनं सांगता येईना. सुलेखा निघून जाईल, ही त्याची खरी भीती होती. वैदेहीनं त्याला वेळेवर घेतलेल्या गोळ्यांनी काय साधतं ते समजावलं. तपासणी लवकर झाली तर सुलेखाचं काय वाचू शकतं, तेही सांगितलं. तो मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "नाय जमायचं."

"मग नीट ऐका. शनिवारी तिला घेऊन या. ती आत आल्यावर आधी तुम्हाला संधी. तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलेन. हे तुम्हाला आजच सांगतेय, म्हणजे मागून दगा दिला असं वाटायला नको. हे कागदावरही लिहिलंय. वाचा."

त्यानं कागद दोनदा वाचला. "आन् मी आणलीच नाय तर?"

"तर तिच्या जिवाशी खेळताय. कायद्यानं ती जबाबदारी तुमच्यावरही टाकलीय."

"शनिवारी खेपा लई असत्यात."

"कडुबाला सांगा खेपा मारायला. निम्मा टँकर त्याचाच आहे ना?"

रामकिसनला नको असताना हसू आलं.

शनिवारी साडेअकराला टँकर रुग्णालयाच्या फाटकाबाहेर थांबला. कडुबा स्टिअरिंगवरच बसून राहिला. उतरलेल्या सुलेखाच्या हातात कपड्यांची पिशवी होती. ती गावाहून थेट इथं आली होती.

"हे म्हणत्यात, मॅडमला भेटायचंय," ती खुर्चीच्या कडेला बसत म्हणाली. "काम लावून देताय का मला?"

वैदेहीनं दार लावलं आणि रामकिसनकडे पाहिलं. तो पायाकडे बघत होता. तिनं मिनिटभर वाट पाहिली, मग स्वतःची खुर्ची थोडी पुढं सरकवली. तेवढ्यात तो बोलला.

"मला एचआयव्ही हाय. फेब्रुवारीत कळलं. गोळ्या चालू हायेत. तुलाबी तपासावं लागंल." आणि मग कुणी न विचारता, "कडुबाला सांगितलं व्हतं मी. तुला नाय."

वैदेहीनं पाण्याचा पेला पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

"कडुबाला कवा सांगितलं?"

"मार्चात."

"टँकरमधी त्याचा आठ आणे वाटा हाय म्हणून त्याला आधी." आवाज चढला नव्हता. "माझा किती आणे धरलाय तुम्ही?"

वैदेहीनं त्याला बाहेर बसायला सांगितलं.

नंतरचा पाऊण तास त्या दोघींचा होता. फॉर्मची चूक वैदेहीनं सुलेखालाही सांगितली. तपासणी करायची की नाही हे फक्त सुलेखानं ठरवायचं आणि निकाल तिच्या हातात पडेल, हेही स्पष्ट केलं. फॉर्मवरचा 'भागीदार' वैदेहीनं पेनानं खोडला होता आणि वर 'नवरा, बायको किंवा जोडीदार' असं लिहिलं होतं. खोडलेला शब्दही सुलेखानं वाचला.

"कडुबाभाऊजीचा काय निकाल आला?"

"ते मी सांगू शकत नाही."

"मला बी नाय?"

"कुणालाच नाही. तुमचाही असाच राहील."

सुलेखानं सही केली.

निकाल यायला अर्धा तास लागला. निगेटिव्ह. वैदेहीनं तो दार लावून सांगितला आणि लगेच पुढचंही सांगितलं: अलीकडच्या काळात झालेली लागण या चाचणीत कदाचित दिसणार नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आणि तोवर निरोध वापरल्याशिवाय जवळ यायचं नाही. सुलेखानं ऑगस्टची तारीख विचारून पिशवीतल्या चिठ्ठीवर लिहून घेतली. तिनं पेलाभर पाणी एका दमात संपवलं.

"कुठं राहणार आहात?" वैदेहीनं विचारलं. "भावांकडं जायचं असेल तर तशी सोय बघू."

"विहिरीला पाणी नाय म्हणून आले, परत कुठं जाऊ? राहीन. पण माझ्या परीनं."

बाहेर बाकावरून रामकिसन उठून उभा राहिला. त्यानं वैदेहीकडे बघून विचारलं, "काय आलं, मॅडम?"

"ते त्यांना विचारा."

तो सुलेखाकडे वळला. तिनं पिशवी त्याच्या हातात दिली आणि फाटकाकडे चालायला लागली.

"सुलेखा, काय आलं?"

"सांगते की," ती टँकरकडे बोट दाखवत म्हणाली. "आधी तुमच्या भागीदाराला सांगते. मग तुमचा नंबर."

कडुबा केबिनमधून खाली उतरला. तिला पायरीवर चढायला जागा करून देत तो म्हणाला, "वैनी, मला नका सांगू. मला सगळं ऐकून चक्कर येती. आधी त्याला सांगा."

सुलेखा पायरीवरच थांबली. पिशवी छातीशी धरून धावत येणाऱ्या रामकिसनला तिनं जवळ येऊ दिलं, आणि मग सांगितलं.